न हलणाऱ्या गोष्टीचा शोध

मोटार चालवणाऱ्या एखाद्या माणसाचे फक्त हात आपल्याला दिसताहेत, अशी कल्पना करा. रस्ता दिसत नाही, समोरची काच दिसत नाही, गाडी कुठे चालली आहे तेही कळत नाही. स्टिअरिंगवरचे दोन हात, एवढंच. आणि ते हात सारखे हलताहेत. जरासे डावीकडे, मग उजवीकडे, मध्येच एकदा जोरात डावीकडे, पुन्हा मध्ये. एवढ्यावरून त्या माणसाबद्दल काय सांगता येईल? कुणी म्हणेल नवशिका दिसतोय, कुणी म्हणेल मनानं अस्वस्थ आहे, कुणी म्हणेल कुठे जायचं तेच त्याचं ठरत नाहीये. आता कॅमेरा मागे न्या. मोकळ्या माळावरचा सरळ रस्ता, बाजूनं झोंबणारा वारा, आणि गाडी आपल्या पट्ट्यातून नाकासमोर चाललेली. हातांची ती सगळी चुळबुळ वाऱ्याची होती. डावीकडून झोत आला की हात डावीकडे, झोत ओसरला की पुन्हा मध्ये. हातांच्या हालचालींचा आलेख काढला, तर हाती लागेल तो वाऱ्याचा आलेख, उलटा करून ठेवलेला. गाडी पट्ट्यात राहावी, हा त्या माणसाचा खरा उद्योग. तो त्या आलेखात कुठेही नाही. तो दिसतो फक्त गाडीच्या न हलण्यात, आणि न हलणाऱ्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

माणसांबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा असे हातच बघत असतो. ती फार बोलते. तो सारखा चिडतो. हा नुसता बसून असतो, काही करतच नाही. ही सगळी हातांची वर्णनं आहेत, आणि त्यांवरून आपण स्वभाव ठरवून मोकळे होतो.

हे चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते विल्यम टी. पॉवर्स (१९२६–२०१३) या अमेरिकन संशोधकामुळे. शिक्षणानं तो भौतिकशास्त्राचा माणूस. १९५०च्या दशकात त्यानं रॉबर्ट क्लार्क या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर माणसाच्या वागण्यावर विचार सुरू केला. १९६० साली क्लार्क आणि मॅकफार्लंड यांच्यासह त्याचा पहिला मोठा निबंध आला, आणि १९७३ साली 'बिहेवियर : द कंट्रोल ऑफ पर्सेप्शन' हे पुस्तक. सिद्धांताचा गाभा नावातच आहे. आपण ताबा ठेवतो तो आपल्या कृतींवर नव्हे. आपल्याला जे जाणवतं, त्यावर. जाणवणं हवं तसं राहावं, यासाठी कृती लागेल तशी बदलत जाते.

सुरुवातीला वाचलं तेव्हा हे मला शब्दांचं उलटसुलट वाटलं होतं. पण एकदा यंत्रणा समजून घेतली, की त्यात किती मोठी उलथापालथ आहे ते लक्षात येतं. चालकाच्या डोळ्यांना रस्ता आणि गाडीचं नाक यांचं एक चित्र दिसत असतं. ते चित्र कसं दिसायला हवं, याचं एक माप त्याच्या आत असतं. या दोहोंत जो फरक पडेल तो स्नायूंपर्यंत पोहोचतो, स्नायू स्टिअरिंग फिरवतात, आणि मग वारा, उतार, टायरची झीज, हातांचं फिरवणं, या सगळ्यांचा मिळून जो काही परिणाम झाला असेल तो डोळ्यांतून पुन्हा आत येतो. हा फेरा टप्प्याटप्प्यानं चालत नाही. आधी पाहिलं, मग विचार केला, मग हात फिरवला, मग थांबून पुन्हा पाहिलं, असं त्यात नसतं. पाहणं आणि फिरवणं एकाच वेळी, अखंड चालू असतं. त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हा प्रश्नच इथे लंगडा पडतो.

फेऱ्याची ही कल्पना पॉवर्सच्या आधीही काहींनी मांडली होती. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९० साली एक सुंदर फरक दाखवला. लोखंडाचा कीस लोहचुंबकाकडे ओढला जातो, आणि रोमिओ जुलिएटकडे. मध्ये काही नसेल तर दोघंही सरळ रेषेत जातात. मध्ये कागद धरला, तर कीस त्या कागदालाच चिकटून बसतो. रोमिओ आणि जुलिएट मात्र मधल्या भिंतीला दोन्ही बाजूंनी तोंड टेकून उभे राहत नाहीत. रोमिओ वळसा घालतो, भिंत चढतो, काहीही करतो. वाट बदलते, मुक्काम बदलत नाही. पुढे १८९६ साली जॉन ड्यूई या तत्त्वज्ञानं सांगितलं, की उद्दीपन आणि प्रतिक्रिया असे दोन सुटे तुकडे पाडणंच चूक आहे. मूल मेणबत्तीकडे हात नेतं तेव्हा सुरुवात प्रकाशानं होत नाही, पाहण्यानं होते. आणि पाहणं ही मुळात मुलाची कृतीच आहे.

हे सगळं सांगून झालं होतं, तरी १९१३ साली जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञानं वर्तनवादाचा, म्हणजे फक्त बाहेरून दिसणाऱ्या वागण्याचाच अभ्यास करायचा या मताचा, झेंडा रोवला आणि हेतू हा शब्द मानसशास्त्रातून जवळजवळ हद्दपार झाला. त्यामागची अडचण मात्र प्रामाणिक होती. हेतू म्हणजे पुढे व्हायची गोष्ट. पुढे व्हायची गोष्ट आजच्या कृतीचं कारण कशी असेल? उद्यानं आजला ओढायचं, हे कुठल्याच विज्ञानात बसत नाही.

या कोड्याचं उत्तर तत्त्वज्ञांकडून आलं नाही, तंत्रज्ञांकडून आलं. वाफेच्या इंजिनाचा वेग कायम ठेवणारा गव्हर्नर जेम्स वॉटनं १७८८ साली इंजिनावर बसवला. मॅक्सवेलनं १८६८ साली अशा गव्हर्नरांचं गणित मांडलं. मग १९२७च्या ऑगस्टमध्ये हॅरॉल्ड ब्लॅक हा तरुण इंजिनिअर फेरीबोटीनं कामाला निघाला असताना त्याला निगेटिव्ह फीडबॅकच्या, म्हणजे आपल्याच परिणामाचा काही भाग उलटा परत घेऊन चूक कमी करणाऱ्या, अँप्लिफायरची कल्पना सुचली, आणि ती त्यानं हातातल्या वर्तमानपत्रावरच उतरवून काढली. १९४८ साली नॉर्बर्ट वीनरनं या विचाराला सायबरनेटिक्स हे नाव देऊन तो सर्वदूर नेला. या यंत्रांनी एक गोष्ट निर्विवाद दाखवून दिली. हेतू भविष्यात नसतो. तो आत्ता, इथे, एक माप म्हणून यंत्राच्या आत बसलेला असतो, आणि त्या मापाशी आत्ताची स्थिती ताडून पाहिली जात असते. एवढ्यानं कोडं सुटतं. पॉवर्सनं याच्या पुढचं पाऊल टाकलं. यंत्राचं माप बाहेरचा माणूस ठरवतो, म्हणून अनेकांनी माणसाच्या बाबतीतही माप बाहेरून येतं असं धरलं : प्रयोग करणाऱ्याच्या सूचनेतून, बक्षिसातून, परिस्थितीतून. पॉवर्स म्हणाला, सजीवाचं माप त्याच्या आतच असतं. बाहेरून कुणी तिथे हात घालू शकत नाही. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं म्हणणं हेच, आणि लोकांना सगळ्यात नकोसं वाटलं असेल तेही हेच.

यावरचा एक प्रयोग इतका साधा आहे, की कुठल्याही कॉम्प्युटरवर करून पाहता येतो. पडद्यावर एक स्थिर खूण आणि एक हलता ठिपका. ठिपका खुणेवर ठेवायचा, हँडलनं. पण ठिपका कुठे असेल हे एकटं हँडल ठरवत नाही. कॉम्प्युटरही त्याला आपल्या मर्जीनं हळूहळू ढकलत असतो. हे ढकलणं पडद्यावर वेगळं असं दिसत नाही. दिसतो तो फक्त ठिपका. थोड्या सरावानं माणसं ठिपका खुणेजवळ छान धरून ठेवतात. मग आकडे पाहायचे. हाताची हालचाल आणि कॉम्प्युटरचं ढकलणं, यांतला सहसंबंध उणे ०.९९च्या आसपास येतो. म्हणजे हात अशा गोष्टीचं जवळजवळ हुबेहूब उलटं प्रतिबिंब काढतो, जी डोळ्यांना कधी दिसलेलीच नाही. आणि ज्या ठिपक्याकडे डोळे लावून तो माणूस बसलेला असतो, त्याच्याशी हाताच्या हालचालीचा सहसंबंध किरकोळ. रिचर्ड मार्केन या मानसशास्त्रज्ञानं १९८० साली याची आणखी एक बाजू दाखवली. तेच ढकलणं दोनदा दिलं, तर हाताच्या दोन्ही वेळच्या रेघा एकमेकींवर बसतात. ठिपक्याच्या दोन्ही वेळच्या रेघांचा मात्र एकमेकींशी काही संबंध नसतो. ठिपक्याची हालचाल पाहून हात हलतो, असं साधं कारण-परिणामाचं गणित असतं, तर सारख्या हातामागे सारखा ठिपका दिसायला हवा होता. तसा तो दिसत नाही.

मला इथे थांबावंसं वाटतं. माणसांच्या अभ्यासाची आपली नेहमीची पद्धत कोणती? जे बदलतं त्याच्याबरोबर दुसरं काय बदलतं ते शोधायचं. सहसंबंध जास्त तिथे महत्त्व जास्त. पण माणूस जी गोष्ट मनापासून राखतो, ती बदलतच नाही. जितकी चांगली राखेल, तितकी कमी बदलेल, आणि तितकी ती आपल्या आकडेमोडीतून निसटेल. वर उरतात ते अडथळे आणि हातांची चुळबुळ. मग आपण म्हणतो, बघा, परिस्थिती माणसाला कशी नाचवते. नाचताना दिसतात ते हात असतात. माणूस गाडी सरळ ठेवत असतो.

उंच उडालेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूचंही असंच. आपल्याला वाटतं, चेंडू कुठे पडणार याचा त्याला अंदाज येतो आणि तो तिथे धावतो. सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञानं १९६८ साली दाखवलं, की असं काही गणित करायची गरजच नाही. चेंडू नजरेत एकसारख्या गतीनं वर चढताना दिसत राहील अशा बेतानं धावत राहिलं, की चेंडू आणि माणूस एकाच जागी, एकाच क्षणी पोहोचतात. मॅक्लिओड आणि डीन्स यांनी १९९३ साली चांगले झेल घेणाऱ्यांचं चित्रीकरण केलं, तेव्हा असंच आढळलं. ही माणसं चेंडू पडायच्या जागी आधी जाऊन उभी राहत नव्हती. चेंडू येईपर्यंत धावतच होती. त्यांच्या धावण्याचा वेग कधी कमी, कधी जास्त. बाहेरून पाहणाऱ्याला तो गोंधळ वाटेल. आतून एकच गोष्ट अचल ठेवलेली आहे, आणि ती जगात कुठे नाहीच. ती त्या खेळाडूच्या नजरेत आहे.

मग दुसऱ्याच्या नजरेत काय आहे ते कळायचं कसं? पॉवर्सनं यासाठी एक कसोटी सांगितली, आणि मला ती या साऱ्या विचारातली सगळ्यात माणुसकीची गोष्ट वाटते. आधी तर्क करायचा, की हा माणूस अमुक गोष्ट राखत असावा. मग त्या गोष्टीला हळूच धक्का द्यायचा. धक्क्याचा परिणाम जितका व्हायला हवा तितका झाला, तर आपला तर्क चुकला. ती गोष्ट कुणी राखत नाहीये. परिणाम व्हायला हवा होता आणि झाला नाही, कुणीतरी तो मधल्या मध्ये जिरवला, तर आपण बरोबर जागी आहोत. मग तो नेमका कसा जिरवला जातो ते पाहायचं. हेदर बेल आणि सर्जिओ पेलिस यांनी २०११ साली उंदरांबाबत काहीसं असंच पाहिलं. एक उंदीर खात बसलेला, दुसरा खाणं पळवायला येणारा. खाणारा उंदीर कधी वळतो, कधी सरकतो, कधी उडी मारतो. त्या हालचालींची यादी करू गेलो तर संपणार नाही. पण पळवणाऱ्यापासूनचं अंतर मोजलं, की सगळं एका जागी येतं. तो उंदीर अंतर राखत असतो.

ही कसोटी शिकल्यावर मी ती आधी जुन्या आठवणींना लावून पाहिली, कारण आठवणींना धक्का देऊन कुणाला त्रास होत नाही. आमच्या नात्यात आई बडबडी म्हणून प्रसिद्ध. माणसं जमली की तिचं तोंड थांबायचं नाही. एक विषय अर्धवट टाकून दुसरा, दुसऱ्यातून भलताच तिसरा, आणि सगळ्यांना पाठ झालेली एखादी जुनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. आम्ही मुलं तिच्यावर प्रेमानं हसायचो. तिला गर्दी आवडते, हा माझा पहिला तर्क. पण तो टिकला नाही. कितीतरी भरगच्च बैठकांत ती कोपऱ्यात शांत बसलेली मला आठवत होती. तिला शांतता सोसत नाही, हा दुसरा. तोही गेला, कारण थोरल्या मामाबरोबर ती तासन् तास न बोलता बसायची, आणि धाकट्या मामाबरोबरही. मग आठवलं, की तिची बडबड सुरू व्हायची ती दोघे मामा एका खोलीत असले तरच. त्यातही सारखी नाही. थोरल्याचा आवाज एका विशिष्ट तऱ्हेनं खाली जायचा, वाक्यं तोकडी व्हायची, आणि नेमकी तेव्हाच आईला कुठली तरी गोष्ट आठवायची. तिच्या बोलण्याचा आलेख काढला असता, तर तो त्या दोन भावांमधल्या ताणाचा आलेख निघाला असता.

आणि ज्यानं मी सगळ्यात हलले ते हे : लहानपणी आमची पक्की समजूत होती, की दोन्ही मामांचं छान जमतं. आम्ही त्यांना कधी भांडताना पाहिलंच नव्हतं. त्यांचं पटणं हे आम्हाला खोलीच्या भिंतीसारखं वाटायचं, आपोआप असणारं. ते कुणीतरी दर मिनिटाला राखत होतं, हे दिसायला जागाच नव्हती, कारण ते राखलं जात होतं. दिसत होती ती बडबड, आणि तिचा आम्ही स्वभाव करून टाकला.

आईला मी याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "काही नाही गं, मला बोलायला आवडतं." ती लपवत होती असं मला वाटत नाही. आपण काय राखतो हे आपल्याला माहीत असलंच पाहिजे, असं नाही. रस्त्यावर चालताना तोल राखायला आपण कुठे लक्ष देतो? शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवताना आपल्याला कोण विचारतं? जाणिवेच्या खाली कितीतरी फेरे मुकाट्यानं चालू असतात, आणि नात्यांतलेही काही त्यांच्याइतकेच मुरलेले असतात.

आतापर्यंत अडथळा म्हणजे वारा होता. वारा कशासाठी वाहत नसतो. पण समोरचा अडथळा दुसरा माणूस असेल, आणि तोही तीच गोष्ट वेगळ्या मापाला धरून राखत असेल, तर? मग चित्र पार बदलतं. मी एका बाजूला ओढलं, की त्याच्या मापात फरक पडतो, तो दुसरीकडे ओढतो, त्यानं माझ्या मापात फरक पडतो, मी आणखी ओढते. दोघांचा जोर वाढत वाढत शिगेला पोहोचतो, आणि मधली गोष्ट जिथल्या तिथे. दोन्ही बाजूंनी ढकललं जाणारं दार जसं स्थिर दिसतं, तशी. बाहेरून पाहणारा म्हणतो, इथे काही घडतच नाहीये. एखाद्या घरात आईवडील आणि वयात आलेलं मूल यांच्यात वर्षानुवर्षं असंच चाललेलं असतं. इतकं सांगून ढिम्म फरक पडत नाही, असं आईवडील म्हणतात. फरक न पडण्यामागे त्या मुलाची किती शक्ती खर्ची पडते आहे, ते मोजायचं माप आपल्याकडे नाही.

दुसऱ्याच्या वागण्यावर बक्षिसानं ताबा मिळवता येतो, या समजुतीचंही मग नीट परीक्षण करावं लागतं. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर याच्या परंपरेतल्या प्रयोगांत प्राण्यांना आधी उपाशी ठेवून त्यांचं वजन मूळच्या साधारण ८० टक्क्यांवर आणून ठेवत. पोटभर खाल्लेला प्राणी दाण्यासाठी कळ दाबत बसत नाही. म्हणजे दाण्यात जादू नव्हती. प्राण्याला त्याचं अन्न स्वतः राखता येऊ नये अशी सोय आधी करायची, मग ते राखायची एकच वाट मोकळी ठेवायची, आणि तो त्या वाटेनं गेला की म्हणायचं, बघा, दाण्यानं त्याचं वागणं घडवलं. त्या प्राण्याच्या बाजूनं पाहिलं तर तो आपलं अन्न राखत होता, मिळेल त्या वाटेनं. माणसांच्या बाबतीत 'प्रोत्साहन' या गोंडस शब्दाखाली असं काही चाललेलं दिसलं, की आधी कुणाचं काय काढून घेतलं होतं, हे मी शोधते. बहुतेक वेळा काहीतरी सापडतं.

या सिद्धांतावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. अल्बर्ट बँड्युरा आणि एडविन लॉक या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली त्याच्यावर कडक टीका केली. त्यांचं एक म्हणणं असं, की माणूस फक्त फरक मिटवत बसत नाही. तो स्वतःहून नवा फरक निर्माण करतो. शिखर सर केलेला माणूस त्याहून उंच शिखराकडे बघतो. आहे तो तोल सांभाळणारं यंत्र असं कशाला करेल? हा प्रश्न मला बराच काळ छळत होता. पॉवर्सच्या मांडणीत त्याला उत्तर आहे : मापं एकावर एक रचलेली असतात, आणि वरचा फेरा खालच्याला माप पुरवतो. 'मी आव्हान पेलणारा माणूस आहे' हे वर राखायचं असेल, तर खाली शिखराचं माप वाढवत न्यावंच लागतं. उत्तर मला पटतं. मात्र पॉवर्सनं या रचनेच्या ज्या ११ पायऱ्या सांगितल्या, संवेदनेच्या निव्वळ तीव्रतेपासून नाती, क्रम, तत्त्वं आणि थेट 'मी कोण' इथपर्यंत, त्यांतल्या वरच्या पायऱ्यांबद्दल माझी खात्री होत नाही. ठिपका आणि हँडलच्या प्रयोगात जो काटेकोरपणा आहे, तो वर जाता जाता विरळ होतो. स्वतः पॉवर्सनंही ही यादी कच्ची म्हणूनच पुढे ठेवली होती. ती पक्की धरून माणसांना पायऱ्यांवर बसवू नये. खालचं काटेकोर आणि वरचं तर्कानं मांडलेलं, एवढा भेद ठेवला म्हणजे झालं.

दार दोन्ही बाजूंनी ढकलणारे दोघे कधी कधी एकाच माणसात असतात. माझी एक मैत्रीण प्रबंध लिहून बसली होती. प्रकरणं पूर्ण, टीपा जागच्या जागी. सादर मात्र करत नव्हती. घरचे म्हणत, आळस. सहकारी म्हणत, भीती. ती स्वतः म्हणायची, "मी काही करतच नाहीये गं." मला ते खरं वाटत नव्हतं, कारण ती दमलेली दिसायची. काहीच न करणारा माणूस इतका दमत नाही.

अशा आतल्या ओढाताणीसाठी पॉवर्सच्या विचारातून बोलण्याची एक रीत निघाली आहे. टिम केरी आणि वॉरन मॅन्सेल या मानसशास्त्रज्ञांनी ती उपचारपद्धती म्हणून वाढवली. तिच्यात सल्ला नसतो. कारण सल्ला म्हणजे ओढाताणीतल्या एका बाजूला जोर देणं, आणि तो दिला की दुसरी बाजू तितकीच ताठ होते. बोलता बोलता माणूस मध्येच थबकतो, उगीच हसतो, नजर दुसरीकडे नेतो. त्या क्षणी त्याला विचारायचं, आत्ता मनात काय आलं? दोन्ही मापं जिथून येतात ती वरची जागा अशाच वेळी ओझरती समोर येते, असा त्यामागचा विश्वास. लक्ष तिथे टिकलं, की तिथेच बदल होऊ लागतो, आणि तो आधी ठरवलेला नसतो. पॉवर्स इथे इ. कोलाय या जिवाणूचं उदाहरण द्यायचा. हा जिवाणू सरळ पोहतो, मग गिरकी घेतो आणि कुठल्या तरी दिशेला तोंड करतो. दिशा त्याला निवडता येत नाही. पण परिस्थिती सुधारत असेल तर तो गिरकी उशिरा घेतो, बिघडत असेल तर लवकर, आणि एवढ्यावर तो अन्नापर्यंत पोहोचतो. माणसाच्या आतली मापंही अशीच गिरक्या घेत नव्यानं जुळत असावीत, असं त्याचं म्हणणं. एका चांगल्या सल्ल्यानं माणूस बदलत नाही, याचा अर्थ मला इथे लागला.

मी उपचार करणारी नव्हे. पण त्या दिवशी मैत्रीण बोलत होती आणि मी फक्त ऐकत होते. शेवटच्या प्रकरणात अजून एक संदर्भ तपासायचा राहिलाय, हे सांगता सांगता ती एकदम हसली आणि गप्प झाली. मी विचारलं, "आत्ता हसलीस, काय आलं मनात?"

ती म्हणाली, "काही नाही. वाटलं, हे सरांना विचारायला हवं."

तिचे मार्गदर्शक प्रबंध निम्म्यावर असतानाच गेले होते. त्यानंतर लिहिताना प्रत्येक परिच्छेद ती मनातल्या मनात त्यांना वाचून दाखवायची. ते काय म्हणाले असते ते ऐकायची, वाद घालायची, खोडून पुन्हा लिहायची. प्रबंध पूर्ण व्हावा, हे तर तिला मनापासून हवं होतं, त्यांच्यासाठीही. आणि तो पूर्ण झाला की हे बोलणं संपणार होतं. दोन्ही मापं एकाच माणसाकडून आली होती, आणि ती दोन्ही पूर्ण ताकदीनं राखत होती. म्हणून दार हलत नव्हतं.

पुढचा सगळा वेळ आम्ही प्रबंधाबद्दल बोललोच नाही. सरांचं अक्षर, त्यांचं समासात लिहिणं, वर्गात प्रश्न विचारून स्वतःच उत्तर द्यायची त्यांची घाई, यांबद्दल ती बोलत राहिली. निघताना मी सादर कधी करणार असं विचारलं नाही. विचारलं असतं, तर तिला पुन्हा दाराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभं राहावं लागलं असतं.